ग्रंज सिॲटलबाहेर खरंच पोचलं का, आणि मराठीत करावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही सोलापूरचे, चौघांचा बँड आहे, आणि बँडमध्ये वाद पेटलाय. ड्रमरचं म्हणणं असं की ग्रंज, म्हणजे जाड, खडबडीत गिटारींचा तो रॉक, म्हणजे अमेरिकेतलं सिॲटल, चार बँड, १९९१ ते ९४, विषय संपला, बाहेरच्या देशांत जे काही झालं ती निर्वाणा या सगळ्यात गाजलेल्या ग्रंज बँडची नक्कल होती आणि आपण करू ती नकलेची नक्कल होईल. तुम्हाला हे पटत नाही, पण त्याच्यासमोर ठेवायला उदाहरणं नाहीत. आणि शेवटी विचारलंय की मराठीत ग्रंज होतं का.

मी पुण्यात गिटार शिकवतो, जॅमरूम चालवतो, पोरांचे डेमो रेकॉर्ड करून देतो, हे सगळं कॅसेटच्या जमान्यापासून. त्यामुळे हा वाद मला नवीन नाही, दर काही वर्षांनी नवा बँड येतो आणि त्यातला एक जण तुमच्या ड्रमरसारखंच बोलतो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो, ग्रंज बाहेर पोचलं, आणि चांगलं खोलवर पोचलं. पण तुम्ही ते शोधताय चुकीच्या जागी. तुम्ही निर्वाणासारखे वाजणारे परदेशी बँड शोधताय, आणि तसे शोधले की नक्कलच हाती लागणार.

अर्थात "पोचलं" कशाला म्हणायचं यावर उत्तर बदलतं, हे मान्यच करायला पाहिजे. रेकॉर्ड खपल्या आणि स्टेडियम भरली याला पोचणं म्हणाल तर उत्तर एका ओळीत हो. तो साउंड, म्हणजे हळू आवाजातला अंतरा आणि एकदम फुटणारा कोरस, जाड डिस्टॉर्शन म्हणजे गिटारीचा मुद्दाम फाडलेला आवाज, मुद्दाम न घासलेला गळा, हे दुसऱ्यांनी उचललं का म्हणाल तर तेही हो, पण त्यातलं बरंचसं टिकलं नाही. आणि एखाद्या गावातल्या पोरांनी ती पद्धत घेऊन आपल्या घरचं दुखणं मांडलं का, असं विचाराल तर उदाहरणं कमी सापडतील पण भक्कम सापडतील. मला स्वतःला हा तिसरा अर्थ महत्त्वाचा वाटतो.

आता ड्रमरच्या मुद्द्याकडे. ग्रंज "बाहेर गेलं" हे म्हणणंच मुळात अर्धवट आहे, कारण सिॲटलमध्ये जे शिजलं त्यातला बराच माल बाहेरून आलेला होता. सिॲटलच्या मडहनी या बँडचा मार्क आर्म स्वतः सांगत आलाय की ऐंशीच्या दशकाच्या मध्यात हा शब्द ऑस्ट्रेलियातल्या बँडांसाठी वापरला जायचा, सायंटिस्ट्स, बीस्ट्स ऑफ बर्बन वगैरे. सायंटिस्ट्स हा पर्थचा बँड, किम सॅमनचा, १९७८ चा. त्यांची नंतरच्या काळातली गाणी ऐका, तोच चिखलातून ओढल्यासारखा बास, तीच बेफिकीर गिटार, आणि हे सिॲटलचं सब पॉप लेबल सुरू व्हायच्या आधीचं. निर्वाणाचा बासिस्ट क्रिस्ट नोव्होसेलिच क्रोएशियन आईबापांचा, १९८० मध्ये घरच्यांनी त्याला युगोस्लाव्हियातल्या झादरला नातेवाइकांकडे पाठवला होता आणि पंक त्याच्या कानावर तिकडे पडलं. निर्वाणाचा गायक कोबेन व्हॅसलीन्स या स्कॉटलंडच्या बँडवर इतका फिदा होता की निर्वाणाने त्यांची तीन गाणी रेकॉर्ड केली. ओसाकाच्या शोनेन नाइफला त्यांनी १९९१ मध्ये ब्रिटनच्या टूरवर सोबत नेलं. हळू-जोरात-हळू ही युक्ती पिक्सीजची, ते बॉस्टनचे खरे पण त्यांचं लेबल लंडनचं आणि त्यांना डोक्यावर घेतलं युरोपने.

आणि आपल्याकडच्या लोकांना हे माहीत नसतं म्हणून मुद्दाम सांगतो. साउंडगार्डन या सिॲटलच्या बँडचा गिटारिस्ट किम थायिल, त्याचे आईवडील केरळचे. त्याच बँडचा पहिला बासिस्ट हिरो यामामोटो, जपानी वंशाचा. हे दोघे आणि ब्रूस पॅव्हिट हे शिकागोजवळच्या पार्क फॉरेस्ट नावाच्या गावातले जुने दोस्त, तिघंही वॉशिंग्टन राज्यात आले. पॅव्हिटची जोनाथन पोनमनशी गाठ थायिलनेच घालून दिली आणि त्या दोघांनी मिळून सब पॉप उभं केलं. म्हणजे ज्या लेबलमुळे जगाला सिॲटल कळलं त्याच्या जुळणीत एक मल्याळी पोरगा होता. ड्रमरला हे आधी ऐकवा, मग बाकीचं बोला.

आता ते पसरलं कसं. एमटीव्हीने पसरवलं असं सगळे म्हणतात, पण पहिला धक्का ब्रिटनमधून बसला. अमेरिकेत सब पॉपकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं तेव्हा त्यांनी मेलडी मेकर या ब्रिटिश साप्ताहिकाचा पत्रकार एव्हरेट ट्रू याला पदरचा खर्च करून सिॲटलला नेला आणि मार्च १९८९ मध्ये त्याचा लेख आला. बीबीसीवर जॉन पील या रेकॉर्ड वाजवत होता. मडहनी सॉनिक यूथबरोबर ब्रिटनभर हिंडून आली. जर्मनीतलं ग्लिटरहाउस लेबल सब पॉपच्या रेकॉर्ड युरोपात काढत होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरला निर्वाणा आणि टॅड हे सब पॉपचे दोन बँड एकाच व्हॅनमध्ये कोंबून युरोपच्या टूरवर निघाले. नोव्हेंबरमध्ये बर्लिनची भिंत पडली आणि दोनच दिवसांनी हे लोक बर्लिनमध्ये वाजवत होते. रोमला कोबेन इतका थकला की गिटार फोडून स्पीकरांच्या ढिगावर चढून बसला. ३ डिसेंबरला लंडनच्या ॲस्टोरियात टॅड, मडहनी आणि निर्वाणा एकाच रात्री वाजले आणि तिथून ब्रिटिश पेपरांनी त्यांना सोडलंच नाही. निर्वाणाचा गाजलेला अल्बम नेव्हरमाइंड आला तो २४ सप्टेंबर १९९१ ला, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. घरच्या लोकांना या बँडांची किंमत कळली ती बाहेरच्यांनी सांगितल्यावर, असं मी म्हणतो आणि तारखा बघितल्या तर तसंच दिसतं.

पुढचं मात्र झपाट्याने झालं. जानेवारी ९२ ला सिडनीत पहिल्या बिग डे आउटला निर्वाणा, फेब्रुवारीत जपान, ३० ऑक्टोबरला ब्युनोस आयर्सचं व्हेलेझ सार्सफील्ड स्टेडियम, जानेवारी ९३ ला साओ पाउलो आणि रिओ. ब्युनोस आयर्सचा शो जरा थांबून बघण्यासारखा आहे. त्यांच्या आधी कॅलॅमिटी जेन हा पोर्टलंडच्या मुलींचा बँड वाजवत होता, पब्लिकने त्यांच्यावर नाणी, चिखल, हाताला लागेल ते फेकलं. कोबेन भडकला. मग त्यांनी आपला अख्खा शो मुद्दाम बिघडवला, सगळ्यात गाजलेल्या गाण्याची सुरुवातीची रिफ, म्हणजे गिटारची परत परत येणारी छोटी धून, वाजवून सोडून द्यायची आणि गाणं वाजवायचंच नाही असं केलं. ग्रंज पोचलं म्हणजे काय याचं मोजमाप मला या रात्रीत दिसतं, गाणी पोचली होती, स्टेडियम भरलं होतं, पण बायकांना स्टेजवर मान द्यायचा हा जो त्या सीनचा गाभा होता तो काही पोचला नव्हता. म्हणून मी तिकिटं आणि खप यावर फार भरवसा ठेवत नाही.

साउंड कोणी उचलला हेही बघू. लंडनचे बुश, १९९४ चा पहिला अल्बम, अमेरिकेत धो धो खपला आणि ब्रिटनमध्ये त्यांना फारसं कोणी विचारलं नाही, कारण तोवर तिकडची हवा उलटी फिरली होती. ब्लर ९२ ची अमेरिका टूर करून वैतागून परत आले आणि ९३ मध्ये मुद्दाम इंग्लिशपणावर अल्बम केला, ओएसिसचा नोएल गॅलघर तर उघड म्हणाला की कोबेनच्या त्या मरणाच्या भाषेला उत्तर म्हणून आपण जगण्याचं गाणं लिहिलं. म्हणजे ब्रिटपॉपसुद्धा एका अर्थाने ग्रंजचाच परिणाम आहे, फक्त विरुद्ध दिशेने. ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलचे सिल्व्हरचेअर, चौदा-पंधरा वर्षांची पोरं, १९९४ मध्ये एक डेमो स्पर्धा जिंकली आणि पुढच्या वर्षी अमेरिकेपर्यंत गाजले. साउथ आफ्रिकेच्या प्रिटोरियातून सीदर निघाले, पण नाव झालं ते अमेरिकेत गेल्यावर. कॅनडात हॅलिफॅक्सला "पुढचं सिॲटल" म्हणून मोठ्या लेबलांनी घेरलं, स्लोनला गेफनने साइन केलं. या यादीत चांगली गाणी आहेत, सिल्व्हरचेअर तर पुढे फार मोठा बँड झाला पण ग्रंज सोडून दिल्यावर. तुमचा ड्रमर नक्कल म्हणतो ती मुख्यतः इथली, आणि इथे त्याच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे.

आता माझ्या आवडीचे दोन बँड, यांची नावं लिहून ठेवा.

पहिला पोलंडमधल्या श्चेचिनचा, बँडचं नावच "हे" (Hey). श्चेचिन म्हणजे जहाजबांधणीचं बंदर, जर्मनीच्या सीमेला लागून, राजधानीपासून लांब. कम्युनिस्ट राजवट जाऊन दोन-चार वर्षं झालेली, सगळ्यांचं भवितव्य अधांतरी. १९९३ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, त्यात काही गाणी इंग्लिश आणि काही पोलिश. गायिका कातार्झिना नोसोव्स्का. गिटारांमध्ये सिॲटल स्वच्छ ऐकू येतं, लपवलेलंही नाही. पण लोकांच्या मनात राहिली ती पोलिश गाणी, इतकी की त्यातलं आशेवरचं एक गाणं १९९७ च्या पोलंडमधल्या महापुरानंतर मदतीसाठी बऱ्याच कलाकारांनी मिळून पुन्हा गायलं. आणि नोसोव्स्काचं नाव पुढे पोलिश भाषेतली मोठी गीतकार म्हणून घेतलं जायला लागलं. सिॲटलच्या गिटारीवर सुरू झालेलं गाणं पूरग्रस्तांच्या कामी आलं, याहून जास्त पोचणं काय असतं मला सांगा.

दुसरा बालीचा नाविकुला, १९९६ पासूनचा. बाली म्हटलं की आपल्याला हनिमूनचे फोटो आठवतात, यांची गाणी आहेत तोडलेल्या जंगलावर, ओरांगउटानवर, कचऱ्यावर, भ्रष्टाचारावर. बहुतेक इंडोनेशियन भाषेत. बोर्निओच्या जंगलांसाठी त्यांनी मोटारसायकलवरून टूर केली होती. लोक त्यांना ग्रीन ग्रंज म्हणतात. गायक रोबीचा गळा ऐकलात तर ॲलिस इन चेन्सचा लेन स्टेली, साउंडगार्डनचा कॉर्नेल सगळे आठवतील, पण भाषा कळत नसूनही तुम्हाला समजतं की हा माणूस त्याच्या अंगणातलं काहीतरी सांगतोय. मी शिकवताना पोरांना ऐकवतो, आणि भाषेचा अडसर होईल असं वाटतं तसं होत नाही.

एक गोष्ट माझ्या लक्षात आलीय, नियम म्हणून घेऊ नका. कोबेन आणि नोव्होसेलिच ज्या ॲबर्डीनचे ते लाकूडतोडीचं गाव, धंदा बसत चाललेला. न्यूकॅसल पोलाद आणि कोळशाचं गाव, तिथला मोठा पोलाद कारखाना १९९९ मध्ये बंद झाला. श्चेचिन जहाजांचं. हॅलिफॅक्स बंदर. एरिक्स ट्रिप हा सब पॉपने घेतलेला पहिला कॅनडियन बँड, तो मंक्टन नावाच्या त्याहून आडबाजूच्या गावचा, घरात चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर गाणी करायचे. हे संगीत रुजलं ते दुय्यम शहरांमध्ये, जिथे मोठे शो येत नाहीत, जिथे पोरांकडे वेळ असतो आणि डोळ्यांसमोर गावाचा धंदा चाललेला असतो.

याला सामान स्वस्त असणं हेही कारण आहे, आणि गिटार शिकवणारा म्हणून मला हे कारण फार मोठं वाटतं. मडहनीच्या १९८८ च्या ईपीचं, म्हणजे छोट्या अल्बमचं, नावच गिटारचा आवाज फाडणाऱ्या दोन पेडलांवरून, सुपरफझ जपानमध्ये बनलेला, बिग मफ न्यूयॉर्कचा, आणि हाच बिग मफ नव्वदीच्या सुरुवातीला रशियात बनायला लागला. कोबेनचा आवडता युनिव्हॉक्स गिटार जपानी, स्वस्तातला. त्याचा डीएस-१ हा नारंगी पेडल बॉसचा, तीन बटणं, टोन, लेव्हल, डिस्टॉर्शन, आज पुण्यात कुठल्याही म्युझिकच्या दुकानात मिळतो. निर्वाणाचा पहिला अल्बम जॅक एंडिनोने रेकॉर्ड केला त्याचं बिल ६०६ डॉलर १७ सेंट.

आणि वाजवायलाही सोपं. सहावी तार ई वरून डी वर उतरवा, म्हणजे एक अख्खा सूर खाली. आता जाड तीन तारांवर एकच बोट आडवं टाकलं की पॉवर कॉर्ड तयार, आणि ते बोट नुसतं सरकवत गेलं की रिफ. थायिलला हे ट्यूनिंग मेलव्हिन्स या बँडच्या बझ ऑझबॉर्नने सांगितलं आणि साउंडगार्डनचा अर्धा दरारा त्यावर उभा आहे. नवीन पोरगा माझ्याकडे येतो, एफ कॉर्डवर बोटं सोलवटून घेतो, रडकुंडीला येतो, तेव्हा मी त्याची सहावी तार उतरवून देतो आणि त्याच दिवशी तो अँप लावून काहीतरी दणदणीत वाजवून घरी जातो. एकदा हे झालं की तो गिटार सोडत नाही. मेटलचं तसं नाही, तिथे हात तयार व्हायला वर्षं जातात. जे संगीत स्वस्त गिटारवर, महिन्याभराच्या रियाजावर, आपल्या स्वतःच्या बेसूर गळ्यात उभं राहतं ते कुठेही जाऊ शकतं.

आपल्याकडे ते कसं आलं तेही सांगतो कारण तुम्ही त्यावेळी जन्मलेले नसणार. १९९१ मध्ये हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला, त्याच्यासोबत एमटीव्ही, आणि केबलवाल्याच्या कृपेने घराघरात. कॅसेट कोणाकडे तरी एकच असायची, बाकीचे कोऱ्या कॅसेटवर भरून घ्यायचे. १९९३ मध्ये अलाहाबादहून रॉक स्ट्रीट जर्नल निघायला लागलं, त्यातून कळायचं की देशात आपल्यासारखे अजून वेडे आहेत. मुंबईत रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक व्हायचं. पोरांनी पर्ल जॅम, निर्वाणा, साउंडगार्डन भरपूर वाजवलं, पण कव्हर म्हणून, कॉलेज फेस्टमध्ये, इंग्लिशमध्ये. आपल्याकडे रॉक करायचं म्हणजे इंग्लिशच हे इतकं पक्कं बसलं होतं की पोलंडने जे केलं ते आपल्याकडे मोजक्याच लोकांनी करून बघितलं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण विषय होते, राग होता, वाजवणारेही होते.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर, हो, करा, आणि मराठीतच करा. पण काही गोष्टी तांत्रिक आहेत त्या आधीच सांगून ठेवतो.

अंतऱ्यात मराठी फार छान बसते, कारण तिथे पुटपुटायचं असतं आणि आपली बोली तशीही तोंडातल्या तोंडात चालते. अडचण कोरसला येते. डिस्टॉर्शन चालू झालं की गिटार गळ्याच्या वरच्या पट्ट्या खाऊन टाकते, मग लांबवलेला स्वर मोकळा लागतो, आ, ओ, ए. "नाही" वर कोरस संपवलात तर तो ई ताणताना आवाज चिरका होतो आणि मिक्समध्ये सुईसारखा टोचतो. "जातो", "गेला", "सांगा", "ये रे" यावर संपवा, छाती भरून ओरडता येतं. शब्दाच्या शेवटी त, प, क असेल तर तो डिस्टॉर्शनमध्ये गडप होणार, ऐकणाऱ्याला अर्धाच शब्द पोचणार. उलट घ, भ, ढ, ध हे ओळीच्या सुरुवातीला ठेवा, रिफच्या पहिल्या ठोक्यावर पडले की इंग्लिशला जमणार नाही असा दणका बसतो. आणि "केले आहे, गेले आहे" लिहू नका, "केलंय, गेलंय" लिहा. तुम्ही सोलापूरचे आहात तर सोलापूरचं बोला, तुमच्याकडच्या मराठीत कानडी-तेलुगूचा जो हेल आहे तो पुण्याचा करायला जाऊ नका. सिॲटलचा ॲक्सेंट तर अजिबातच नको, मी जॅमरूममध्ये हे रोज ऐकतो, पोरगा बोलताना मराठी आणि माइकसमोर आला की जबडा वाकडा करून पर्ल जॅमचा एडी व्हेडर.

विषय मी सुचवणार नाही, पण तुमच्या गावात गिरण्या होत्या, आता यंत्रमाग आहेत, ते काम करणारी घरं आहेत, आणि तुमच्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या घरात त्यातलं काहीतरी असणारच. नसेल तर दुसरं काही असेल. नाविकुलाला कचरा दिसला, तुम्हाला काय दिसतं ते तुम्ही बघा.

ड्रमरशी वाद घालत बसू नका. त्याला आधी सायंटिस्ट्स ऐकवा, मग कॉस्मिक सायकोज, हे ऑस्ट्रेलियाचेच, त्यांचा १९९१ चा अल्बम नेव्हरमाइंडवाल्या बुच विगनेच प्रोड्यूस केलाय. मग पोलंडच्या "हे"चा पहिला अल्बम, मग नाविकुला. ड्रमर म्हणून त्याने मडहनीच्या डॅन पीटर्सचे रोल नीट ऐकावेत, म्हणजे जोर आणि घाई यातला फरक त्याच्या लक्षात येईल. आणि पहिलं गाणं झालं की फोनवर का होईना रेकॉर्ड करा, इथे टाका, मी ऐकून कळवतो. मिक्समध्ये गळा गिटारच्या खाली दबला असेल तर गळा वर करायच्या आधी गिटारचे मिड्स, म्हणजे मधल्या पट्ट्या, थोडे कापून बघा.